भूमिगत कोळसा खाणीत मास्क लावला की धुळीचा धोका टळतो का?

नाही. मास्क हा शेवटचा उपाय, आणि दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा आत शिरतेच. धूळ उठते तिथेच दाबायला हवी.

सगळ्यात घातक धूळ कोळशाची नाही, दगडाची. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांवर वालुकाश्म आहे. छत ढासळू नये म्हणून बोल्ट मारायला त्यात भोक पाडलं की सिलिका, म्हणजे वालुकाश्मातल्या खनिजाची बारीक धूळ, उडते, तिच्याने सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. कोरडं ड्रिल चाललं की कामगाराच्या भुवया पांढऱ्या होतात. तेच ड्रिलच्या दांड्यातून पाणी सोडून केलं तर भोकातून राखाडी चिखल ओघळतो. अंग भिजतं, त्रास होतो, पण फुप्फुसं वाचतात! म्हणून पाण्याची लाइन बंद असेल तर ड्रिल सुरूच करू नका.

बाकी कोळसा कापणाऱ्या यंत्राच्या दातांवर आणि कोळसा एका बेल्टवरून दुसऱ्यावर पडतो तिथे पाण्याचे फवारे, आणि फेसपर्यंत, म्हणजे कोळसा कापतात त्या जागेपर्यंत, पोचणारी ताजी हवा हवी. माणसाने वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे हवा जिकडून येते तिकडे, उभं राहावं.

डोळ्यांना हवा स्वच्छ दिसली म्हणून फसू नका, फुप्फुसात खोल जाणारे कण दिसतच नाहीत. त्यामुळे मोजमाप हवंच. अमेरिकेने २०१६ मध्ये कोळसा खाणीतल्या अशा धुळीची मर्यादा घनमीटरला २ वरून १.५ मिलिग्रॅमवर आणली.