मधमाश्यांचे जनुकशास्त्र आणि पोटापाण्याचा प्रश्न

प्रश्न : सोसायटीतील आग्या मोहोळ पेस्ट कंट्रोलवाल्यांनी औषध मारून काढल्यापासून बारावीत शिकणारी माझी मुलगी शहरातील मधमाश्यांसाठीच काम करायचे म्हणते. तिला जनुकशास्त्रही आवडते. या दोन्हींचा मेळ बसेल का आणि त्यावर पोट भरेल का? – एक पालक, पुणे

उत्तर : मेळ निश्चित बसतो. मधमाशीच्या फलित अंड्यातून मादी आणि अफलित अंड्यातून नर जन्मतो, हे जुनेच ज्ञान आहे. मात्र यामागे एक विशिष्ट जनुक असल्याचे २००३ मध्ये स्पष्ट झाले. फलित अंड्यातील त्याच्या दोन प्रती भिन्न असतील तर मादी घडते, आणि त्या सारख्याच निघाल्या तर फलित अंड्यातूनही नर होतो. अशा अळ्या कामकरी माश्या खाऊन टाकतात. मधमाशीपालनाच्या पेटीतली पोळ्याची चौकट उजेडात धरल्यावर पिल्लांच्या कप्प्यांत मधूनमधून रिकाम्या जागा दिसतात, त्याचे एक कारण हे असू शकते. शहरात वसाहती मोजक्या आणि एकमेकींपासून तुटलेल्या असल्या, तर नात्यातल्या नात्यात मीलन होऊन हा धोका वाढतो. त्यामुळे गच्चीवर फुलझाडे लावणे आवश्यक असले तरी पुरेसे नसते, आणि वसाहतींचे परस्परांशी नाते किती जवळचे आहे हे तपासणारा माणूसही लागतो.

संशोधनाची ओढ पक्की असेल तर आयसरचा (भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेचा) पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम मला अधिक योग्य वाटतो. एमएचटी-सीईटी देऊन बीएस्सी कृषी आणि पुढे कीटकशास्त्रात एमएस्सी, ही वाट कमी झगमगीत असली तरी तीत कीटक प्रत्यक्ष हाताळायला मिळतात आणि कृषी खात्याच्या स्पर्धा परीक्षांचा पर्यायही खुला राहतो. केवळ ‘बायोटेक’ हे नाव पाहून महागड्या खासगी पदवीला प्रवेश घेऊ नये. आधी तिथली प्रयोगशाळा पाहावी. वाट कोणतीही असो, संख्याशास्त्र आणि थोडे प्रोग्रॅमिंग यांना पर्याय नाही, कारण जनुकांची माहिती आज संगणकावरच वाचली जाते.

पोटाचे म्हणाल, तर पीएचडीपर्यंत मिळकत बेताचीच राहील आणि संशोधनातील कायम जागा थोड्या आहेत, हे तिला आताच सांगा. मधमाशीपालनाचे प्रशिक्षण देणारी केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. प्रवेशअर्ज भरण्यापूर्वी तिथला एखादा अल्पमुदतीचा वर्ग तिला करू द्या. मात्र डंखाची ॲलर्जी नाही ना, एवढे डॉक्टरांना आधी विचारून घ्या.