निगेटिव्ह रिपोर्ट कधी खरा मानायचा?

प्रश्न : वय २४. तीन आठवड्यांपूर्वी संबंधाच्या वेळी कंडोम फाटला. पाचव्या दिवशी एचआयव्ही टेस्ट केली, निगेटिव्ह आली. त्रास काहीच नाही. आता निर्धास्त राहू का?

उत्तर : अजून नाही. पाचव्या दिवसाचा रिपोर्ट फक्त त्या संबंधाआधीची स्थिती सांगतो. नव्या संसर्गाच्या खुणा रक्तात दिसायला वेळ लागतो. शिरेतलं रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची चाचणी (विषाणूचा अंश आणि शरीरातली प्रतिपिंडं दोन्ही शोधणारी) ४५ दिवसांनी करा. बोटातल्या थेंबावरची किट वापरणार असाल तर ९० दिवस थांबा. सिफिलिस या दुसऱ्या लैंगिक आजाराची चाचणीही तीन महिन्यांनी पुन्हा हवी. तोवर कंडोमशिवाय संबंध नको.

गोनोरिया आणि क्लॅमिडिया या संबंधातूनच पसरणाऱ्या संसर्गांची टेस्ट मात्र आत्ताच करता येईल, त्यासाठी दोन आठवडे पुरतात. ती टाळू नका. क्लॅमिडिया बहुतेकांना काहीच त्रास देत नाही, पण उपचार न झाल्यास स्त्रीच्या गर्भनलिकांना इजा होऊन वंध्यत्व येऊ शकतं. नमुना देताना हमखास एक चूक होते : नेहमीच्या सवयीने लोक सुरुवातीची लघवी सोडून मधली धार बाटलीत घेतात. इथे नेमकी सुरुवातीचीच हवी, २० ते ३० मिली, आणि त्याआधी किमान तासभर लघवी केलेली नसावी. स्त्रियांसाठी योनीतला स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) जास्त खात्रीचा. तो स्वतःही घेता येतो. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर दोघांनीही उपचार घ्यायचे. एकट्याने औषध घेतलं तर संसर्ग परत येतो.

गर्भधारणेची शंका असेल तर जोडीदाराने आता लघवीची चाचणी करावी. तीन आठवड्यांनंतर ती भरवशाची असते.

पुन्हा असं झालं तर टेस्टची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. एचआयव्ही रोखणारी पीईपीची औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, ती २८ दिवस चालतात. एकेक तास मोलाचा असतो.

प्रश्न : एकावर एक दोन कंडोम घातले तर?

उत्तर : नको, घर्षणाने दोन्ही फाटू शकतात. फाटण्याची कारणं बहुधा वेगळी असतात : पाकिटात महिनोन्‌महिने राहिलेलं पॅकेट, दातांनी फोडणं, टोकात राहिलेली हवा, कोरडेपणा. तेल, पेट्रोलियम जेली किंवा बॉडी लोशन लावलं तर कंडोमचं लेटेक्स (रबर) काही मिनिटांत कमकुवत होतं. पाण्यावर आधारित जेल वापरा. उलटा चढवला गेला तर तोच सुलटा करून वापरू नका, बाहेरच्या बाजूला स्राव लागलेला असतो. तो टाकून नवा घ्या.