पहिला लोड बनवताना

रायफलची काडतुसं स्वतः भरताना कमाल चार्जपासूनच, म्हणजे पावडरीच्या सर्वाधिक मात्रेपासूनच, सुरुवात केली तर काय बिघडतं, असं विचारलंस. स्फोट तुझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होतो, हे लक्षात ठेव. पावडर कंपनीच्या चालू तक्त्यातला सुरुवातीचा चार्ज घे. तो बहुधा कमालपेक्षा १० टक्के कमी असतो. .३०८ कॅलिबरच्या काडतुसासाठी तिथून ०.३-०.३ ग्रेनने (ग्रेन हे पावडरीच्या वजनाचं माप) चढ.

प्रत्येक टप्प्यावर गोळी झाडल्यावर रिकामी केस, म्हणजे काडतुसाचं पितळी कवच, निरखून बघ. प्रायमरची (पावडर पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीची) गोल कड चपटी झाली, बुडावर इजेक्टरचा (केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकाकता ठसा उमटला किंवा बोल्ट (रायफलची खिट्टी) उचलायला जोर लागला, तर तिथेच थांब. जास्त दाबाच्या या खुणा दिसल्या नाहीत तरी तक्त्याच्या पुढे जायचं नाही. त्या उशिरा दिसतात.

टेबलावर पावडरचा एकच डबा ठेव. बुलेट बसवण्याआधी सगळ्या केसेसमध्ये टॉर्च मारून पातळी बघ. प्रायमर जरी बदललास तरी पुन्हा खालून सुरुवात.

तीन गोळ्यांच्या सुरेख ग्रुपवर (लक्ष्यावर जवळजवळ पडलेल्या छिद्रांवर) हुरळू नकोस. वेगवेगळ्या दिवशी, थंड नळीतून पहिली गोळी कुठे लागते ते बघ. शिकारीत तीच कामाची. त्यासाठी थोडा वेग गेला तर खुशाल जाऊ दे. मॅगझिनमधून राउंड (भरलेली काडतुसं) सरकतात का, ते मात्र पावडर-प्रायमर नसलेल्या डमीवरच तपास.