कॅमेऱ्यातच दमदार ब्लॅक अँड व्हाइट फोटो कसे काढायचे? माझे सगळे फिके, राखाडी येतात.
नुसता मोनोक्रोम मोड लावून सोडलात तर राखाडीच येणार. बऱ्याच कॅमेऱ्यांत त्याच मेनूत पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा असे फिल्टर इफेक्ट असतात. खरी गंमत तिथे आहे. लाल लावला की निळं आकाश गडद होतं, ढग उठून दिसतात. माणसांवर मात्र नको, ओठ पांढुरके पडतात. पोर्ट्रेटला हिरवा बरा. (पावसाळी पांढऱ्या आकाशापुढे कुठल्याच फिल्टरचं काही चालत नाही.) मग कॉन्ट्रास्ट थोडा वाढवा आणि उन्हात एक्स्पोजर जरा कमी ठेवा, कारण जेपेगमध्ये जळालेला पांढरा भाग परत येत नाही. फुजीफिल्म असेल तर २०१६च्या एक्स-प्रो२ कॅमेऱ्याबरोबर आलेलं, ब्लॅक अँड व्हाइट फिल्मसारखा लूक देणारं सेटिंग अ‍ॅक्रॉस बघा. साध्या मोनोक्रोमपेक्षा मला तेच आवडतं. आणि रॉ (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) + जेपेग ठेवा, रंगीत मूळ हाताशी राहतं.