ऐरोलीतल्या ६० मुलांच्या वर्गात, प्रयोगशाळेशिवाय, मूलद्रव्यं शिकवायला कोणते सर्जनशील उपक्रम घेता येतील?

तुम्ही सातवी ते दहावीसाठी चार-पाच उपक्रम मागितलेत. मी एकच सांगतो, दहावीचा. 'मी सोडियम बोलतोय' छापाची नाटुकली आणि थर्माकोलचे अणू यांना माझा साफ विरोध आहे. त्यातून शाळेला फोटो मिळतो, मुलांना संयुजा, म्हणजे अणूची इतर अणूंशी जोडलं जाण्याची क्षमता, कळत नाही.

६-६ जणांचे १० गट करा. ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून २२ बाय २८ इंचांच्या ४ जाड कार्डशीट आणा. पावणेतीन बाय साडेतीन इंचांची कार्डं कापली तर एका शीटमधून ६४ निघतात. प्रत्येक गटाला २० कार्डं: हायड्रोजनपासून कॅल्शियमपर्यंतची १७ (हेलियम, निऑन, अरगॉन वगळून) आणि अर्सेनिक, सेलेनियम, ब्रोमीन. मागे गटाचा क्रमांक टाका, नाहीतर गोळा करताना सगळी सरमिसळ होते.

कार्डावर नाव, संज्ञा, अणुअंक काहीच नको. संज्ञा दिसली की मुलं पाठ केलेली आवर्तसारणी मांडून मोकळी होतात, अणुअंक दिला तर पाच मिनिटांत खेळ खलास. लिहायचं ते एवढंच: तुम्ही मनाने ठरवलेलं सांकेतिक अक्षर, अणुवस्तुमान, स्थायू-द्रव-वायू, एका अणूमागे किती हायड्रोजन, आणि ऑक्साइडमध्ये (पेरॉक्साइड, सुपरऑक्साइड सोडून) एका अणूमागे जास्तीत जास्त किती ऑक्सिजन. लिथियम ०.५, बेरिलियम १, बोरॉन १.५, कार्बन २, नायट्रोजन २.५. ऑक्सिजन, फ्लोरीन आणि ब्रोमीनच्या कार्डावर हा शेवटचा आकडा कोरा ठेवा.

वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावा आणि सारखी वागणारी एकाखाली एक आणा, इतकंच सांगायचं. चौकटी आखून देऊ नका, उत्तर तिथेच फुटतं. कार्डं जमिनीवर मांडायला सांगा. बाकावर पंख्याने उडतात, आणि इथल्या उकाड्यात पंखा बंद करायची सोय नाही.

खरी मजा कॅल्शियमनंतर येते. ४०.१ वरून पुढचं कार्ड थेट ७४.९. ते बोरॉनच्या उभ्या रांगेत ठेवलं की ऑक्सिजनच्या १.५ खाली २.५ येतं. कुणीतरी ते दोन घरं पुढे सरकवतं आणि मध्ये जागा मोकळी राहते. आता दुसरं पाकीट द्या: इंडियम ११४.८ (१.५) आणि कथिल ११८.७ (२). मोकळ्या जागेच्या वरच्या आणि खालच्या कार्डाची सरासरी काढायला लावा: ॲल्युमिनियम-इंडियम ७०.९, सिलिकॉन-कथिल ७३.४. मग फळ्यावर गॅलियम ६९.७, शोध १८७५ आणि जर्मेनियम ७२.६, शोध १८८६ लिहा. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने ही घरं मोकळी सोडली ती त्याआधीच. 'वेळ जातो, पोर्शन राहतो' म्हणणाऱ्यांनी हा क्षण एकदा वर्गात उभं राहून बघावा. सलग दोन तासिका मागून घ्या, एका ३५ मिनिटांत बसत नाही.

हायड्रोजनवरून भांडण होणारच: ऑक्सिजनचा आकडा लिथियमकडे ओढतो, वायू असणं फ्लोरीनकडे. सोडवू नका, कार्ड बाजूला ठेवा. एखादी हुशार मुलगी ४० ते ७४ मधली बाकीची कुठे गेली असं विचारेल. स्कँडियम ते जस्त ही १० मुद्दाम काढली आहेत हे सरळ सांगा.

गुण मांडणीला देऊ नका, मोकळी जागा का सोडली याच्या दोन लेखी वाक्यांना द्या. आणि हो, सातवीला हे घेऊ नका, संयुजेशिवाय नुसता पत्त्यांचा डाव होतो.