जाड गोलाकार फॉन्ट : वाचकांची प्रश्नोत्तरे

जाड, गोल टोकांच्या जॉमेट्रिक (भौमितिक आकारांवर बेतलेल्या) फॉन्टविषयी तेच ते प्रश्न येत राहतात. मुळाशी बहुतेकदा एकच गैरसमज असतो : साधा फॉन्ट घ्यायचा, टोकं गोल करायची, जाडी वाढवायची, झालं. म्हणून यावेळी काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : जॉमेट्रिक म्हणजे कंपासने काढलेलं अक्षर ना? मग माझा ‘ठ’ अचूक वर्तुळ असूनही खालच्या बाजूला जाड का दिसतो?

उत्तर : कारण आडवी रेघ डोळ्याला तेवढ्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा जाड वाटते. १००० युनिटच्या चौकटीत (युनिट म्हणजे अक्षर रेखाटतानाचं माप) उभी जाडी १८० असेल, तर आडवी १६०च्या आसपास आणून बघा. गोलाई सपाट अक्षरांच्या रेषेवरच थांबवली तर अक्षर लहान दिसतं. ती १०-१५ युनिट बाहेर जाऊ द्यावी लागते. गोल टोकाचा कानाही सपाट टोकाच्या कान्यापेक्षा किंचित लांब लागतो, नाहीतर आखूड वाटतो. पॉल रेनर यांचा १९२७चा फ्युचुरा हा फॉन्ट जॉमेट्रिकचा नमुना मानतात. त्यातही गोलाई दांड्याला भिडते तिथे रेघ बारीक केली आहे. वरचे आकडे सुरुवातीपुरते आहेत. छापून बघा, आणि अनुभवी टाइप डिझायनरच्या नजरेखालून घाला.

प्रश्न : पॉपिन्स हा फॉन्ट राउंडेड, म्हणजे गोल टोकांचा, आहे का?

उत्तर : नाही. जॉमेट्रिक आहे, पण टोकं सपाट आहेत. देवनागरीत जाड आणि गोल हवं असेल तर फॉन्ट बनवणाऱ्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बलू’ बघा.

प्रश्न : आमच्याकडे फॉन्टचं फक्त रेग्युलर वजन (साधी जाडी) आहे. त्याला राउंड जॉइनचा स्ट्रोक (अक्षराच्या कडेवर गोल कोपऱ्यांची रेघ) दिला की गोल आणि जाड दोन्ही होतं, असं एका व्हिडिओत दाखवलंय. मग बोल्ड वेगळा कशाला घ्यायचा?

उत्तर : असल्या व्हिडिओंत अक्षर नेहमी पडदाभर मोठं दाखवतात, फसगत तिथेच होते. स्ट्रोक बाह्यरेषेच्या दोन्ही अंगांनी वाढतो. ४० युनिटचा स्ट्रोक म्हणजे प्रत्येक कडेला २० युनिट. आता ‘ष’ घ्या. पोटातली तिरकी रेघ पोकळीचे दोन तुकडे करते. त्यातली एक फट ९० युनिटची असेल, तर दोन्हीकडून वीस-वीस जाऊन ५० उरते. ९ पॉइंटला छापल्यावर ती जेमतेम ०.१६ मिलिमीटर भरते. शाई जराशी पसरली की ‘ष’च्या जागी काळा डाग. ‘म’ आणि ‘भ’च्या गाठी तर त्याआधीच बुजतात. शिरोरेखा कान्याइतकीच फुगते, अनुस्वार मात्रेला जाऊन चिकटतो, शिरोरेखेखाली दोन अक्षरांमधली जागा ४० युनिटने घटते. आणि ज्या गोलाईसाठी हा खटाटोप केला, ती फक्त बाहेरच्या कोपऱ्यांना मिळते. पोटातले कोपरे टोकदारच राहतात.

खरा बोल्ड रेखाटताना अक्षर रुंद करतात म्हणजे पोकळी टिकते, सांध्यावर रेघ बारीक करतात, शिरोरेखा कान्यापेक्षा कमी वाढवतात, आणि ‘ष्ट्र’, ‘द्ध’, ‘क्ष’ अशी जोडाक्षरं एकेक करून तपासतात. स्ट्रोकला यातलं काहीच कळत नाही. फॉन्टच्या कुटुंबात बोल्ड नसताना ‘बी’ बटण दाबलं तरी सॉफ्टवेअर जवळपास असाच लेप चढवतं. कृपा करून हे करू नका. रेग्युलर ज्यांनी केला त्यांनाच विचारा. जाड वजन तयार असू शकतं किंवा करून मिळू शकतं.

प्रश्न : परिच्छेदांना असा फॉन्ट चालेल का?

उत्तर : नाही. शीर्षक, फलक, बटण इथेच ठेवा.

प्रश्न : ‘फ्री’ म्हणून उतरवलेला गोलाकार फॉन्ट लोगोत वापरला तर?

उत्तर : ‘फ्री’ हा परवाना नव्हे. ‘हजार फॉन्ट मोफत’च्या गठ्ठ्यांत दुसऱ्यांचे फॉन्ट नाव बदलून घुसडलेले असतात, आणि ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ याचा अर्थ धंद्यासाठी पैसे मोजा. झिप उघडा, परवान्याची फाइल वाचा. ओपन फॉन्ट लायसन्स असेल तर व्यावसायिक वापर करता येतो, फॉन्टमध्ये बदलही करता येतो; मात्र फॉन्ट सुटा विकता येत नाही आणि बदललेली आवृत्ती त्याच परवान्याखाली द्यावी लागते. परवान्याची फाइलच नसेल तर फॉन्ट बाजूला ठेवा. लोगोची नोंदणी करायची असेल, तर फॉन्टच्या मालकाकडून लेखी उत्तर आणि वकिलाचा सल्ला दोन्ही घ्या, आणि छपाईच्या आधी घ्या.

प्रश्न : एलईडीच्या फलकाची फाइल उद्या द्यायची आहे. अक्षरांमधलं अंतर कमी केलं तर चालेल ना?

उत्तर : कमी नाही, वाढवा. पेटलेल्या अक्षराचा प्रकाश कडेबाहेर सांडतो आणि पोकळ्या भरून येतात, म्हणून वजनही एक पायरी हलकं घ्या. राउटरचा (अक्षरं कापणाऱ्या मशीनचा) बिट, म्हणजे कापणारं फिरतं पातं, ३ मिलिमीटरचा असेल तर त्याहून अरुंद फट कापलीच जात नाही, आणि आतला कोपरा १.५ मिलिमीटर त्रिज्येपेक्षा तीक्ष्ण होत नाही. देवनागरीत आणखी एक घोळ : शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेखा एकमेकींवर चढलेल्या असतात. आउटलाइन केल्यावर, म्हणजे मजकुराचे नुसते आकार केल्यावर, त्या एकजीव केल्या नाहीत, तर मशीन प्रत्येक जोडावर शिरोरेखा कापत जातं. बिटचा आकार फलक बनवणाऱ्याला आजच विचारा. एक अक्षर कापून, पेटवून, अंधारात लांबून बघा. एका दिवसात हे होत नसेल तर तारीख पुढे ढकला. नमुन्याला ‘ग’ किंवा ‘र’ नको. ‘ष’ किंवा ‘भ’ कापायला सांगा.