गव्हाची बिअर करताना मॅश (गरम पाण्यात भिजवलेलं दळलेलं धान्य) तुंबला, भांड्याच्या नळातून थेंबही येत नाही. काय करू?

आधी नळ बंद करा. तो सताड उघडला की धान्याचा थर खाली ओढला जाऊन घट्ट बसतो. उकळतं पाणी थोडं थोडं घालत मॅश ७५-७६ अंश सेल्सिअसवर आणा, धान्यातून उतरलेला गोड रस पातळ होतो. लांब पळीने तळापर्यंत हलवा, तळाच्या गाळणीच्या जाळीला धक्का नको. दहा मिनिटं थांबून नळ किंचित उघडा. काडीएवढी धार पुरे. पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतील, ते वरून अलगद परत ओता. घाई अजिबात नको!

मूळ कारण गहू. बार्लीचं टरफल गाळणीचं काम करतं, गव्हाला ते नसतंच. पुढच्या वेळी ५ किलो धान्याला पाव किलो भाताची तुसं धुऊन मिसळा. आणि दळण पिठूळ नको, भरडच हवं.